कार्ताहेना की सेंट ऑगस्टीन?
स्पॅनिशांनी वसवलेलं एकच किनारी शहर बघणं जमणार आहे, कुठलं निवडू, असं भाची विचारते.

कोलंबियातलं कार्ताहेना १५३३ चं, पेद्रो दे एरेदियाने वसवलेलं. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं सेंट ऑगस्टीन १५६५ चं. पहिलं सोन्याचांदीच्या व्यापारावर वाढलं, आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या विक्रीवरही. ही बाजू न समजून घेता तिथली रंगीत घरं बघू नयेत, असं मला मनापासून वाटतं. सेंट ऑगस्टीन म्हणजे फ्रेंचांना फ्लोरिडातून हुसकावण्यासाठीचं लष्करी ठाणं.

तटबंदीत कार्ताहेना सरस: जुनं शहरच कोटात आहे. सेंट ऑगस्टीनला शिंपल्यांच्या दगडाचा एक किल्ला, पण भक्कम.

साम्राज्य कसं चालायचं हे समजून घ्यायचं तर कार्ताहेना. अमेरिकेतच राहत असाल, मुलं सोबत असतील, तर सेंट ऑगस्टीन सोयीचं.