लॉकटाइटने धरलेले बोल्ट आणि हातातला इंडक्शन हीटर: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचा वेळ वाचेल. ज्या वर्कशॉपमध्ये पोलादी बोल्ट, नट आणि स्टड (डोकं नसलेला बोल्ट) रोज काढावे लागतात तिथे हा हीटर आपली किंमत वसूल करून देतो. महिन्यातून एखाद्या वेळी बाइकच्या डिस्क प्लेटचे बोल्ट काढणाऱ्याला २००० वॅटची हीट गन पुरे आहे आणि ती कितीतरी स्वस्त पडते. काम मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीतल्या पितळी फिटिंगचं असेल, तर हे यंत्र घेऊच नका.

यंत्र म्हणजे १००० वॅटचा, २३० व्होल्टवर चालणारा, पिस्तुलासारखा धरायचा हीटर. पुढे तांब्याची कॉइल, तिच्यावर फायबरग्लासची स्लीव्ह, मागे पंखा. ब्रँड सांगण्यात अर्थ नाही. याच जातीची यंत्रं वेगवेगळ्या स्टिकरखाली विकली जातात आणि आतला माल बराचसा सारखाच असतो.

आता मूळ मुद्दा. थ्रेडलॉकर हा बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो, हवा नसताना आणि धातूचा स्पर्श असताना कडक होणारा चिकट पदार्थ आहे. लॉकटाइट हा त्याचाच एक ब्रँड. एकदा पिकला की डब्ल्यूडी-४० किंवा डिझेल त्याचं काही बिघडवू शकत नाही. गंजावर तेल मुरतं, कारण गंज सच्छिद्र असतो. थ्रेडलॉकरने आट्यांमधली जागा भरून टाकलेली असते, तेलाला शिरायला वाटच नसते. बोल्टवर रात्रभर तेल सोडून सकाळी लांब पाइप लावून ओढणारे लोक नागपुरात हिंगणा एमआयडीसीपासून वाडीच्या ट्रक गॅरेजपर्यंत सगळीकडे दिसतात, आणि बोल्टचं डोकं तुटलं की दोष बोल्टला देतात. गंज आहे की लॉकटाइट हे आधी ओळखा. थोडा सैल झालेल्या बोल्टच्या आट्यांतून तपकिरी भुकटी पडली तर गंज, पांढरी किंवा रंगीत भुकटी पडली तर थ्रेडलॉकर. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च असेल तर तोही मारून बघा. बरेच थ्रेडलॉकर त्यात चमकतात.

रंगावर मात्र विसंबू नका. लॉकटाइटच्या नंबरांत जांभळा २२२ हलका, निळा २४३ मध्यम, लाल २६३ किंवा २७१ जड, इथपर्यंत ठीक. पण २७० हिरवा असूनही जड आहे, आणि बेअरिंग धरायला वापरतात तो ६४८ पण हिरवाच. एम १० च्या बोल्टवर २२२ ची पकड सुटायला साधारण ६ न्यूटन-मीटर लागतात, २४३ ला सुमारे २६. हे आकडे घट्ट न केलेल्या बोल्टचे आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात बोल्ट आवळण्याचा जोर त्यात आणखी मिळवावा लागतो. जांभळा आणि बहुतेक निळा साध्या पान्याने निघतो, गरम करायची गरज नाही. मात्र एम ६ किंवा त्याहून लहान बोल्टला निळा लावला असेल तर गरम केलेलं बरं. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा आकडा) एम ६ बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात आणि पिळून तुटायला त्याच्या वर फारसं लागत नाही.

जड थ्रेडलॉकरसाठी कंपनीचीच शिफारस आहे: जोड सुमारे २५० अंशांपर्यंत तापवा आणि गरम असतानाच सोडवा. या वाक्याचा दुसरा भाग लोक विसरतात. गंजलेल्या बोल्टला तापवून थंड होऊ देतात, कारण प्रसरण-आकुंचनाने गंज तडकतो. थ्रेडलॉकरचं उलटं आहे. तो तापला की मऊ होतो आणि थंड झाला की बरीचशी पकड परत मिळवतो. म्हणून पाना, सॉकेट आणि हँडल आधी हाताशी ठेवा, मग ट्रिगर दाबा.

या हीटरचं बलस्थान इथेच आहे. ज्वाला नाही, आणि उष्णता बोल्टच्या आतच तयार होते. एम १० चं डोकं आणि त्याच्या जवळचा भाग मिळून ३० ग्रॅम पोलाद धरलं तर ते २५० अंशांपर्यंत न्यायला साडेतीन किलोज्यूलच्या आसपास लागतात. यंत्राच्या १००० वॅटपैकी निम्मे जरी बोल्टमध्ये उतरले तरी सात-आठ सेकंदांचा खेळ. हीट गनने त्याच कामाला काही मिनिटं जातात आणि तोवर शेजारचं रबर, वायर, ग्रीस सगळं तापून निघतं.

पण सात-आठ सेकंदांत डोकं तापतं, आटे नाहीत. सगळ्यात जास्त बोल्ट इथेच बिघडतात. डोक्याच्या खाली ३० मिलिमीटर खोल असलेल्या आट्यांपर्यंत उष्णता झिरपायला अर्धा मिनिट ते एक मिनिट लागतो. म्हणून सलग ट्रिगर दाबून डोकं लाल करू नका. तीन-चार सेकंद दाबा, आठ-दहा सेकंद सोडा, परत दाबा. असं पाच-सहा वेळा केलं की आतला भाग तापतो आणि डोकं जळत नाही. १२.९ ग्रेडचा एलन बोल्ट लाल केला की त्याचं टेम्परिंग, म्हणजे उष्णता देऊन आणलेली ताकद, गेलं. २५०-३०० पर्यंत त्याला धोका नाही, ४०० च्या पुढे आहे. बोल्ट परत लावायचा नसेल तर थोडं सैल वागलं तरी चालतं.

तापमान कसं बघायचं? इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पोलादावर साफ खोटं बोलतो, खरं तापमान असेल त्यापेक्षा कितीतरी कमी दाखवतो. सायलेन्सरचा काळा स्प्रे एक ठिपकाभर मारा, वाळू द्या आणि तिथे नेम धरा. नाहीतर डोक्याचा एक भाग एमरीने घासून उघडा करा आणि रंग बघा: फिकट पिवळा म्हणजे २२० च्या पुढे, तपकिरी म्हणजे २५० च्या आसपास, निळा म्हणजे ३०० गाठलं. झिंक प्लेटिंगवर हे रंग दिसत नाहीत आणि स्टेनलेसवर त्यांचा हिशोब वेगळा आहे.

फिरवताना आधी किंचित आवळण्याच्या दिशेने झटका द्या, मग सोडण्याच्या. 'कट' असा आवाज आला की पकड तुटली. निळा इथून हाताने निघतो. लाल निघत नाही. तुटलेला कडक थर आट्यांतच राहतो आणि प्रत्येक फेऱ्याला जोर मागतो. लांब स्टड अर्ध्यावर येऊन परत अडकतो, कारण तोवर तो थंड झालेला असतो. तिथे जोर लावू नका, परत कॉइल घाला. स्टडसाठी दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटला पाना लावायची जुनी पद्धत चालते, पण ते नट लावायच्या आधी स्टड तापवून घ्या. नट मधे आले की कॉइलची जागा अडते आणि उष्णताही तेच खातात.

एलन बोल्टच्या बाबतीत बिट नीट नसेल तर हीटर काही कामाचा नाही. डिस्क प्लेटवर बरेचदा बटन हेड, म्हणजे बुटक्या घुमटाकार डोक्याचे बोल्ट असतात: एम ८ च्या बटन हेडला ५ मिलिमीटरची की लागते, साध्या कॅप हेडला ६ ची. म्हणजे बटन हेडमध्ये पकड आधीच कमी. गोल टोकाची की तर अजिबात लावू नका. खड्ड्यातला कचरा काढा, हेक्स बिट हातोडीने एकदा ठोकून बसवा, मग हीटर, मग अर्धा इंची हँडल. आणि कॉइल फिरवताना लक्ष ठेवा, डिस्कही पोलादाचीच आहे, ती पण तापते. ब्रेक ऑइल, पॅड आणि चाकाच्या बेअरिंगचं सील जवळ असेल तर आधी पॅड काढून ठेवा. साधं नायट्राइल रबराचं सील १०० ते १२० अंशांपलीकडे टिकत नाही.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल वर एवढं कडक का लिहिलं? कारण हा हीटर अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ नीट तापवतच नाही, आणि ३०४ स्टेनलेसवरही त्याचा जोर निम्म्यावर येतो. शिवाय पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये असेल तर बोल्टची उष्णता हाउसिंग भराभर ओढून घेतं. तिथे हीट गनने हाउसिंग तापवणंच योग्य. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोकच मोठं होतं. फक्त ते रंग बदलून इशारा देत नाही, आणि ६०६१ सारख्या मिश्रधातूची ताकद २०० अंशांवर फार वेळ ठेवलं तर उतरते. थर्मामीटरशिवाय हात लावू नका.

हायड्रॉलिक अडॅप्टर आणि पाइप फिटिंगमध्ये ५४२ किंवा ५७७ सारखं सीलंट असतं. ते थ्रेडलॉकरचंच भावंड, पण पकड मध्यम. पोलादी अडॅप्टर असेल तर हीटर छान चालतो. लाइनमधला दाब आधी सोडा, तेल निथळू द्या, बाहेरचं पुसा. ओ-रिंग (सीलचं रबरी कडं) गेलीच असं धरून नवीन आणून ठेवा. जुन्या जोडावर टेफ्लॉन टेप असेल तर तिला जास्त तापवू नका. २६० च्या पुढे ती बिघडायला लागते आणि त्याहून वर गेली तर तिचा धूर फुफ्फुसाला वाईट. थ्रेडलॉकरचा धूरही नाकात घेण्यासारखा नाही, शटर उघडं ठेवून काम करा.

आता यंत्राच्या तक्रारी. मे महिन्यात नागपुरात शेडखाली पारा ४५ ला टेकतो तेव्हा पंख्याला आत ओढायला गार हवाच मिळत नाही. जानेवारीत जे यंत्र दोन मिनिटं चालून दोन मिनिटं विश्रांती मागतं, ते उन्हाळ्यात लवकर कट होतं आणि परत यायला जास्त वेळ घेतं. सकाळी जड कामं उरकून घेणं हा एकच उपाय सापडला. व्होल्टेजचाही भाग आहे. हीट गन तर सरळ हिशोबाने मार खाते: २३० च्या जागी १९० व्होल्ट आले की २००० वॅटची गन १३६५ वॅटची होते. एक्स्टेन्शनची वायर किमान दीड स्क्वेअर एमएमची घ्या, आणि हीट गन ६ अँपियरच्या पॉइंटवर लावू नका, ती पावणेनऊ अँपियर ओढते.

कॉइल बोल्टला टेकवली की स्लीव्ह जळते, मग उघडं तांबं बोल्टला लागून ठिणगी पडते. कॉइल नटापेक्षा दोन-तीन मिलिमीटरने मोठी निवडा आणि मध्यभागी धरा. सोबतच्या जादा स्लीव्ह लवकर संपतात. पण मोटर रिवाइंडिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात तीच फायबरग्लास स्लीव्ह मीटरवर मिळते, कॉइलसोबत सुट्या विकत घेण्यापेक्षा खूपच स्वस्तात. कॉइल ज्या स्क्रूने आवळली जाते ते स्क्रू दर वापरानंतर तपासा. सैल राहिले तर तिथेच तापून संपर्क काळा पडतो. पुन्हा पुन्हा वाकवलेली कॉइल कडक होऊन तडकते, म्हणून लवचीक दोरी-कॉइल अडचणीच्या जागेसाठीच ठेवा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. पेसमेकर असलेल्या माणसाने या यंत्राजवळ उभंही राहू नये.

बोल्ट निघाला की आट्यांतली भुकटी वायर ब्रशने आणि भोकातली योग्य टॅपने काढा. एम ८ असेल तर १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) टॅप. टॅप फिरताना कापायला नको, नुसता साफ करायला हवा. जोर लागला तर आटे जुळत नाहीत असं समजा. मग अ‍ॅसिटोनने पुसा, पण सगळं पूर्ण थंड झाल्यावरच. नवीन थ्रेडलॉकर दोन-तीन आट्यांना पुरेल इतकाच लावा. स्टेनलेस किंवा झिंक प्लेटेड बोल्टवर तो हळू पिकतो, त्यामुळे लगेच गाडी सोडू नका, रात्रभर ठेवा. बाटली ८ ते २१ अंशांत ठेवायची असते, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात शेडमध्ये नाही. अर्धी भरलेली बाटली बघून फसल्यासारखं वाटतं, पण वरची हवाच तिला पातळ ठेवते. ती दाबून काढू नका.