“तुम्हाला म्हणून हजार कमी”

मागच्या आठवड्यात माझ्या चुलत नणंदेने एक मेसेज मला पुढे पाठवला. “तुम्ही आपल्यातल्या, म्हणून तुम्हाला नऊऐवजी आठ हजार. पण बाकीच्या पालकांना कळू देऊ नका हं, त्यांना वाईट वाटेल.” नणंद गोत्रीला राहते, तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे. मेसेज वाचून माझे हात गार पडले. गेल्या वर्षी मे महिन्यात मला आलेला मेसेज शब्दन् शब्द हाच होता. तो पाठवणाऱ्या बाई मुलांच्या घरगुती वर्गासाठी पुन्हा नवा गट जमवत आहेत, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीला प्रवेश घेताना १ जूनला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. आमच्या लेकीची सिनियर केजी झाली, पण वय थोडक्यात कमी पडलं. तेच वर्ष पुन्हा काढण्यापेक्षा सात-आठ घरांनी मिळून एक शिक्षिका ठेवायची, एका फ्लॅटमध्ये मुलं बसवायची आणि खर्च वाटून घ्यायचा, ही कल्पना मला मनापासून आवडली. शिवाय तिथे मराठी शिकवणार होते. सासूबाई इथल्याच दांडिया बाजारात, मराठी वस्तीत वाढल्या, नातीला मराठी वाचता यावं ही त्यांची फार इच्छा. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं, तिथे मराठी घरातल्या पोराला बाराखडीसाठी अशी खटपट करावी लागते, याचं मला खरंच वाईट वाटतं. आमच्या या वाईट वाटण्याचाच त्या बाईंनी उपयोग करून घेतला.

सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. मंडळाच्या गणपतीत आरतीच्या वेळी ओळख झालेली. बोलायला गोड, कुणाच्या घरी आजारपण असेल तर डबा घेऊन हजर. त्यांचा स्वतःचा मुलगाही याच गटात होता. त्यांनी खर्चाचा कागद पाठवला : शिक्षिका ३०,०००, मदतनीस १०,०००, फ्लॅटचं भाडं २०,०००, साहित्य आणि खाऊ १२,०००. एकूण ७२,०००. आठ घरं, प्रत्येकी नऊ हजार. “माझाही वाटा मी भरतेच आहे,” असं वर म्हणाल्या. डिपॉझिट म्हणून प्रत्येकी १५,००० वेगळे, वर्षाअखेर परत मिळणारे. आणि मग तो खासगी मेसेज, हजार कमी केल्याचा.

त्या हजाराने आमची तोंडं बंद केली. सवलत मिळाली की माणूस मिंधा होतो. दुसऱ्या आईला “तुम्ही किती भरता?” असं विचारायची सोय उरत नाही, कारण विचारलं तर आपलं उघडं पडेल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही मेसेज फक्त अ‍ॅडमिनलाच पाठवता यायचे, आणि अ‍ॅडमिन एकच. आम्ही फक्त वाचायचो आणि अंगठे दाखवायचो.

पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यावर, यूपीआयने. पहिल्याच महिन्यात सांगितलं, “नोटमध्ये काही लिहू नका, उगाच टॅक्सचा घोळ होतो.” मी रकाना रिकामा ठेवला.

वर्ग मात्र छान चालला होता, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. शिक्षिका चोवीस-पंचवीस वर्षांची, मराठीच, जीव लावून शिकवणारी. लेक घरी येऊन आजीच्या चष्म्यावर बोट ठेवून ‘च’ म्हणायची. त्यामुळे ऑगस्टमध्ये आणखी दोन मुलं आली तेव्हा ७२,०००चे आता दहा वाटे होऊन प्रत्येकी ७,२०० व्हायला हवेत, हे माझ्या लक्षात आलं आणि मी गप्प बसले. आपल्याला आधीच सवलत आहे, आता आणखी काय मागायचं? दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीतही पूर्ण पैसे मागितले. “टीचरचा पगार थोडाच कापायचा, तिचीही दिवाळी आहे,” म्हणाल्या. मला ते योग्य वाटलं, मी लगेच भरले.

सुट्टी संपल्यावर खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना शिक्षिका भेटली. माझ्याशी नीट बोलेना. मेथीच्या जुडीची पानं तोडत उभी राहिली. मी खोदून विचारल्यावर म्हणाली, “ताई, सुट्टीचा पगार द्यायला तुम्ही सगळ्या पालकांनी नकार दिलात, असं वहिनींनी सांगितलं. मला राग नाही, पण सोळा हजारांत माझंही घर चालतं.”

सोळा हजार. कागदावर तीस होते.

त्या रात्री मी एकेका आईला फोन लावला. चौथ्या फोनपर्यंत माझा आवाज कापत होता. रविवारी आम्ही एकीच्या घरी जमलो. टेबलावर नऊ फोन मांडले आणि प्रत्येकीने वहिनींचा तो मेसेज उघडला. सगळ्यांकडे तेच शब्द. सुरुवातीच्या सात घरांना हजाराची सवलत म्हणजे महिन्याला सात हजारांची तूट पडायला हवी होती. ती कोण भरत होतं? कुणीच नाही, कारण तेवढा खर्च नव्हताच. मदतनीस मावशींना सहा हजार मिळत होते. फ्लॅट निघाला त्यांच्या दिराचा, दोन वर्षं बंद पडलेला. ऑगस्टपासून आम्ही नऊ घरं मिळून पूर्ण ७२,००० भरत होतो, म्हणजे वहिनींचा वाटा कुठे होता ते कळतंच. साहित्याचे बारा हजार धरले, तरी खरा खर्च चौतीस हजारांच्या वर जात नव्हता.

आम्ही शांतपणे हिशेब मागितला. पंधरा दिवस “देते, देते” झालं. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी रात्री मेसेज आला : घरमालकाला फ्लॅट हवाय, वर्ग बंद, डिपॉझिट घरमालकाने दिलं की परत करू. ग्रुप बंद. नऊ घरांचे १,३५,००० अडकले, तेही सख्ख्या दिराकडे.

पुढचं कुणावर येऊ नये, पण आलंच तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे, पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते पुढे सरकण्याआधी अडवता येतात. आम्ही ते सात महिने ओळखीच्या बाईला आपल्या हाताने पाठवलेले. पोलिसांनी अर्ज घेतला आणि हा आपसातला व्यवहार दिसतो म्हणाले. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी काढलेल्या सूचनांत फी परत करण्याचा नियम आहे, पण तो ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या सेंटरला. दहा मुलांचा घरगुती वर्ग त्यात बसतच नाही. वकिलांच्या नोटिशीला उत्तर आलं : “मी तुमच्यासारखीच एक पालक. आपण खर्च वाटून घेतला, मी कुणाला सेवा विकली नाही.” आणि आमच्याकडे करार नाही, पावती नाही, यूपीआयच्या नोंदीत एक अक्षर नाही. ते तीस हजार लिहिलेला कागद आणि नऊ मेसेज तेवढे आहेत, त्यांवरच ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी लागत नाही.

खर्च वाटून घेताना एकूण खर्चाचा कागद सगळेच बघतात. बघायचं ते त्यातल्या प्रत्येक ओळीच्या मागचं. भाडेकरार हातात घ्या, घरमालकाचं नाव वाचा, भाडं आणि डिपॉझिट थेट त्याच्या खात्यावर टाका. शिक्षिकेला पालकांसमोर तिचा पगार विचारा, तिला त्यात संकोच वाटत नाही, आपल्यालाच वाटतो. यूपीआयच्या नोटमध्ये महिना आणि कारण लिहा, आणि कुणी लिहू नका म्हटलं तर तिथेच थांबा. घरं वाढली की वाटा कमी झाला का, ते मोठ्याने विचारा. आणि गोत्री, अलकापुरी, मांजलपूर, कुठेही ‘तुम्हाला म्हणून’ असा मेसेज आला असेल तर आजच दुसऱ्या घराला दाखवा. नणंदेने दाखवला, आणि तिथल्या तीन घरांनी डिपॉझिट दिलं नाही.

आमच्यातली पाच घरं आता त्याच शिक्षिकेकडे मुलं पाठवतात, एकीच्या पुढच्या खोलीत. पैसे प्रत्येक घर थेट तिच्या खात्यावर टाकतं आणि हिशेब सगळ्यांना दिसतो. दिवाळीच्या सुट्टीचा बुडालेला पगारही आम्ही मिळून तिला दिला. घेताना ती संकोचली. “ताई, तुम्ही हे एकदा भरलेच होते ना?” म्हणाली. मी हो म्हटलं.