सुपर सिंगलच्या नावाखाली माझे 7,400 डॉलर गेले, तुमचे जाऊ देऊ नका

तीन आठवडे लिहू की नको करत होतो, लाज वाटत होती. पण इथे ऑस्ट्रेलियात आपल्यातले बरेच जण जुना कॅन्टर (फुसोचा छोटा ट्रक) फोर बाय फोर घेऊन त्यावर कॅम्पर बांधायला लागलेत, आणि मला सुपर सिंगल (मागच्या जोड टायरऐवजी बसवायचं एकच रुंद चाक) विकणारा तो माणूस अजूनही जाहिराती टाकतोय.

मागे जोड टायर असले की वाळूत काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. पुढच्या एका टायरने दाबलेल्या चाकोरीत मागचे दोन मावत नाहीत, त्यांना स्वतःची वाट फोडावी लागते, हवा कमी केली की दोघे एकमेकांना घासतात, मध्ये दगड अडकला तर बाजू फाटलीच. गारी या वाळूच्या बेटावर (आधीचं फ्रेझर आयलंड) जाताना इन्स्किप पॉइंटला, गाड्या पलीकडे नेणाऱ्या बार्जच्या अलीकडे मी दोन तास फावडं मारलंय, बायको-पोरं उन्हात उभी. तेव्हाच ठरवलं, मागेही एकेकच चाक, पुढच्याच्या रेषेत चालणारं.

नवीन, स्टेपनीसकट पाच चाकांचं कोटेशन 13,800 आलं. या विकणाऱ्याकडे रिमसकट पाच, "फक्त 6,000 किलोमीटर चाललेली", 7,400. आता सगळे म्हणतात किमतीवरूनच कळायला हवं होतं. का? वापरलेला सेट निम्म्याला जातोच की! आणि मी फोटो बघून पैसे पाठवलेले नाहीत, 1,000 टोकन दिलं आणि चार तास गाडी चालवून स्वतः बघायला गेलो.

पाचही चाकं शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, काळीभोर, नक्षी खोल. मी वाकून तारीख शोधली. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि साल, हे मला माहीत आहे हो, मी दर वेळी बघतो. एकावरही दिसेना. तो म्हणाला, पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो, ती भिंतीकडे आहे. खरंच एकाच बाजूला असतो, म्हणून मी गप्प बसलो. पण पाचच्या पाच टायरची तीच बाजू भिंतीकडे कशी येईल? हा प्रश्न मनात आला होता, तिथेच उभा असताना आला होता. एक चाक फिरवायला दोन मिनिटं लागली असती. अंधार पडत होता, पोरगा गाडीत रडत होता, परतीचे चार तास डोळ्यासमोर, मी उरलेले 6,400 फोनवरून ट्रान्सफर केले आणि त्याने फोर्कलिफ्टने माल चढवून वर ताडपत्री ओढली. रोज रात्री मला ती भिंत दिसते.

टायरवाल्याने बघताक्षणी बसवायला नकार दिला. 2011 चे टायर, आतल्या बाजूला भेगा, बाहेरून काळा रंग. काढून तपासायचे 180. त्यात लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) 121, म्हणजे एका टायरला 1,450 किलो. विकणारा मला म्हणाला होता, चार टायर, 5,800 किलो, तुझी गाडी 5,500, काय चिंता? वजनकाट्यावर 45 डॉलर भरून नुसता मागचा ॲक्सल तोलला तर 3,820! दोन टायर मिळून 2,900 पेलतात. आधी ॲक्सल तोला, मग टायर बघा, एकूण वजनाचा हिशोब कोणी सांगितला तर तिथून निघा.

आणि सर्टिफिकेट. व्हीएसबी 6 चा (जड गाडीत केलेले बदल नियमात बसतात असा) कागद त्याने दाखवला होता, तो त्याच्या ट्रकचा, वर दुसराच चेसिस नंबर. ते सर्टिफिकेट गाडीला मिळतं, चाकांना नाही.

पोलीस म्हणाले हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारवाले म्हणाले खाजगी विक्री आहे, आमच्यात बसत नाही. अहो, शेडमध्ये रिमची चळत लागलीये, रोज विकतोय, खाजगी कसली? ते म्हणे पुरावा आणा. पुरावा मी आणायचा तर तुम्ही कशाला बसलाय? बँकेत 50 मिनिटं फोनवर लटकलो, उत्तर काय, पैसे तुम्हीच मंजूर केलेत. ट्रिब्युनलला (छोटे दावे चालतात तिथे) त्याचा पत्ता हवाय आणि शेड भाड्याची निघाली, तो तिथून गेलाय. तीन ठिकाणी तोच फॉर्म भरला, एकालाही दुसऱ्याकडचा तक्रार नंबर नकोय. जाहिरातीची लिंक पाठवली, अजून चालू आहे म्हणून सांगितलं, तरी कोणी हललं नाही!

ट्रान्सफर करू नका, केलंच तर आधी लायसन्सचा फोटो घ्या. रिमवर वजनाचा शिक्का नसेल तर हात लावू नका. आणि चाक फिरवा, प्रत्येक चाक.

एकूण 7,625 गेले. गाडीला परत जुने जोड टायर चढवलेत, ती पाच चाकं गॅरेजमध्ये पडून आहेत. कोणाला याच माणसाचा अनुभव आला असेल तर मेसेज करा, दोघा-तिघांच्या तक्रारी एकत्र दिल्या तर निदान खाजगी विक्री म्हणता येणार नाही.