समान विखुरणी मोजायची तर अचूक रीत की थ्रेशोल्ड अ‍ॅक्सेप्टिंग?

खानापूर ते निपाणी पट्ट्यातील पर्जन्यमापकांची ठिकाणे किती समान विखुरली आहेत, हे स्टार डिस्क्रेपन्सीने (एका कोपऱ्यातून सुरू होणाऱ्या चौकटींतला बिंदूंचा वाटा व क्षेत्रफळाचा वाटा यांतला सर्वांत मोठा फरक; तो जितका मोठा, तितकी मांडणी वाईट) मोजू पाहणाऱ्या बेळगावच्या एका विद्यार्थिनीला रीत निवडता येईना.

डॉबकिन, एपस्टाइन व मिचेल यांची १९९६ ची रीत नेमके उत्तर देते. मात्र तिचे काम दोन मितींत साधारण बिंदुसंख्येच्या वर्गाने, तर दहा मितींत सहाव्या घाताने वाढते. विंकर व फांग यांनी १९९७ मध्ये याच कामी लावलेली थ्रेशोल्ड अ‍ॅक्सेप्टिंग ही अंदाजी शोधरीत सर्वांत मोठ्या फरकाच्या शोधात चौकटीमागून चौकट तपासत जाते आणि फरकातली ठरावीक मर्यादेतली घटही चालवून घेत असल्याने स्थानिक शिखरावर (फक्त आसपासच्या चौकटींतल्या सर्वांत मोठ्या फरकावर) सहसा अडकत नाही. तिचे उत्तर खऱ्याहून कमी असू शकते, जास्त कधीच नाही. म्हणून मांडणी वाईट असल्याचा पुरावा तिच्याकडून मिळतो, चांगली असल्याचा नव्हे.

नकाशाच्या दोन मितींना अचूक रीतच घ्यावी. अनेक मितींच्या मोठ्या नमुन्यांना थ्रेशोल्ड अ‍ॅक्सेप्टिंग, तीही वेगवेगळ्या आरंभांपासून पुन्हा पुन्हा चालवून.