विश्रामबागचा ॲनिमेशन क्लास, पोरांना नक्की घाला

सांगलीत ॲनिमेशन शिकायचं म्हणलं की पुण्याला जा असंच सगळे सांगतात, पण विश्रामबागेत सुट्टीत चालणारा हा छोटा क्लास खरंच भारी आहे. माझी भाची जाते, मी पण मागं बसून बघितलं. मोबाईल स्टँडला घट्ट बसवायचा, क्लेचा बैल केसभर सरकवायचा, फोटो काढायचा, परत सरकवायचा... सेकंदाला १२ फोटो, म्हणजे एका मिनिटाच्या फिल्मला ७२०! पोरं कंटाळतील वाटलं होतं, पण कुणी जागचं हललं नाही. सरांनी आधी खिडक्यांचे पडदे लावून एक्सपोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, लॉक करायला लावलं, कारण ऊन कमीजास्त झालं की चित्र लुकलुकतं, असल्या बारीक गोष्टी नुसतं यूट्यूब बघून डोक्यात येत नाहीत ओ. नंतर ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर पण दाखवतात, ते फुकट आहे त्यामुळं सॉफ्टवेअरचा खर्च नाही.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे फिल्म झाल्यावर पुढं काय हे पण सांगतात. काही फेस्टिवल आधीच ऑनलाईन टाकलेली फिल्म घेत नाहीत, म्हणून घाईनं अपलोड करू नका, आधी नियम वाचा. मुंबईचा मिफ हा फिल्म फेस्टिवल १९९० पासून आहे, त्यात ॲनिमेशनलाही जागा असते.

साउंडला मात्र वेळ फार कमी दिला, पावलांचे आवाज रेकॉर्ड करणं घाईत उरकलं, ते वाढवाच. फी जास्त वाटली नाही. बॅच लहान असते, आधी फोन करून जावा.