महिन्या-दोन महिन्यांतून एकदा नागपूर, मग मेट्रोचं कार्ड काढावं का कागदी तिकीटच बरं?

परवा आमच्या कृषी केंद्रावर शेजारचा पोट्टा आला, म्हणे "दादा, बाबाले घेऊन दर महिन्याले नागपूरले जा लागते, ते मेट्रोचं कार्ड काढून ठेवू काय? सूट भेटते म्हणते त्याच्यावर." मी म्हटलं काढ, पण आधी हिशेब कर. मग तिथंच बियाण्याच्या पावतीच्या मागच्या बाजूला हिशेब केला अन् दोघंही गप झालो. तोच हिशेब इथं टाकतो, कारण हिंगणघाट, वरोरा, आर्वी, दारव्हा असं कुठूनही कधीमधी शहरात जाणाऱ्या माणसाचा प्रश्न हाच असतो. शहरात रोज ऑफिसला जाणाऱ्यानं यात पडू नये, त्यानं डोळे झाकून कार्ड काढावं.

तर हिशेब. समजा एका बाजूचं तिकीट ३० रुपये, जाऊन येऊन ६०. कार्डावर साधारण १० टक्के सूट असते, म्हणजे एका फेरीला वाचले ६ रुपये. महिन्यातून एकदा गेला तर वर्षाचे ७२, दोन महिन्यांतून एकदा गेला तर ३६. अन् कार्डाचे शंभर रुपये धरले तर पहिल्या माणसाला ते वसूल व्हायला दीड वर्ष अन् दुसऱ्याला जवळजवळ तीन वर्षं, तोवर कार्ड हरवलं नाही, तुटलं नाही अन् निघायच्या दिवशी घरी विसरलं नाही तर. फेरीमागच्या सहा रुपयांत बूटीबोरीला चहा अन् समोसासुद्धा होत नाही राजेहो. म्हणून सूट हे कारण धरून कार्ड काढू नका, ते रोजच्या माणसासाठी आहे. पुण्यात शनिवार-रविवारी ३० टक्के सूट ठेवली, दिल्लीत १० टक्के अन् गर्दी नसलेल्या वेळी वरून अजून १० टक्के, पण तीही जो वारंवार जातो त्यालाच जाणवते.

मग कार्डाचा फायदा काहीच नाही का? आहे, पण तो वेगळा आहे, तो खाली येतो. आधी हे समजून घ्या की कार्ड म्हणजे एकच वस्तू नाही, आपल्याकडे सगळे नुसतं "कार्ड" म्हणतात अन् तिथंच घोळ होतो.

एक म्हणजे त्या शहराच्या मेट्रोचं आपलं कार्ड. नागपुरात महाकार्ड, ते स्टेट बँकेसोबत आलं. दुसरं म्हणजे एनसीएमसी, म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, ज्याला टीव्हीवर "वन नेशन वन कार्ड" म्हणून दाखवलं होतं, ४ मार्च २०१९ ला अहमदाबादेत पंतप्रधानांनी सुरू केलं ते. हे रुपेवर चालतं, पुण्याचं वन पुणे कार्ड याच जातीचं, मुंबईच्या २ए अन् ७ लाईनवरचं मुंबई वन कार्ड पण याच जातीचं, दिल्ली मेट्रोत पण हे चालतं. अन् तिसरं, जे कार्डच नाही, म्हणजे मोबाईलवरचं क्यूआर तिकीट. चौथं आपलं खिडकीवरचं कागदी तिकीट, त्याच्यावरही आता क्यूआरच छापलेला असतो, तो गेटवर दाखवायचा अन् बाहेर पडताना परत दाखवायचा, म्हणून बाहेर पडेपर्यंत फेकायचं नाही. आमच्या बाबांनी ते चार घड्या करून पानाच्या डबीत चुन्याशेजारी ठेवलं होतं, बाहेरच्या गेटनं काही ते वाचलं नाही, मग गार्डनं बघून सोडलं.

एनसीएमसीबद्दल एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण मी स्वतः यात फसलोय. तुमच्या रुपे डेबिट कार्डावर एनसीएमसीचं चिन्ह असेल तर सगळ्यांना वाटतं की गेटवर टेकवलं की खात्यातून पैसे कटतील. नाही कटत. त्या कार्डाच्या आत चिपमध्ये एक वेगळा बटवा असतो, त्यात पैसे आधी टाकावे लागतात, जास्तीत जास्त २००० रुपये, अन् गेट फक्त तोच बटवा बघतं. गेटला बँकेशी बोलायला वेळ नसतो, मागं पन्नास माणसं उभी असतात, म्हणून सगळा व्यवहार कार्डातल्या कार्डातच होतो. खात्यात दोन लाख असू दे, बटव्यात शून्य असेल तर गेट लाल.

अन् याच्याही पुढची गंमत अशी की मोबाईलवरून रिचार्ज केला तरी ते पैसे लगेच चिपमध्ये उतरत नाहीत. ते वर कुठंतरी थांबून राहतात, कार्ड स्टेशनवरच्या मशीनला किंवा एनएफसीवाल्या (म्हणजे कार्ड टेकवलं की वाचणाऱ्या) मोबाईलला लावून बॅलन्स अपडेट केलं की मग उतरतात. मागच्या उन्हाळ्यात लग्नाला एका मोठ्या शहरात गेलतो, एसटीतच बसून २०० चा रिचार्ज मारला, मेसेज आला सक्सेसफुल, मोठ्या ऐटीत गेटवर कार्ड टेकवलं तर लाल, परत टेकवलं परत लाल, मागची बाई म्हणे "काका बाजूला व्हा ना". खिडकीवरच्या पोरीनं कार्ड मशीनवर ठेवलं, दोन सेकंदात झालं, पण त्या दोन सेकंदासाठी मी पंधरा मिनिटं रांगेत. म्हणजे ज्या रांगेतून सुटायला कार्ड घेतलं त्याच रांगेत. रोजच्या माणसाला हे एकदा कळलं की कळलं, आपण तीन महिन्यांनी जातो तेव्हा दर वेळी नवीनच असतो.

आता शहराचं कार्ड विरुद्ध एनसीएमसी. तुम्ही फक्त नागपूरच करत असाल, वर्षानुवर्षं, अन् पुण्या-मुंबईशी काही संबंध नसेल तर महाकार्ड घ्या, सोपं आहे, खिडकीवरच भरा, खिडकीवरच विचारा. पण पोरगं पुण्यात शिकायला असेल, तुम्ही वर्षातून दोनदा त्याच्याकडे जात असाल, मधे कधी मुंबईला मंत्रालयाची चक्कर, तर एकच एनसीएमसी बरं (नागपुरात ते चालतं का हे आधी खिडकीवर विचारून घ्या), तीन शहरांची तीन कार्डं अन् तिन्हीत पन्नास-साठ रुपये अडकलेले, याला काही अर्थ नाही. मुंबईत मात्र एक लक्षात ठेवा, मेट्रोचं कार्ड घेऊन लोकलच्या फलाटावर जाऊ नका. लोकलचं तिकीट वेगळं, खिडकी किंवा मशीन किंवा रेल्वेचं ॲप. आपल्याकडची माणसं तिथं हमखास चुकतात, अन् टीसी काही हिंगणघाटचा पाहुणा म्हणून सोडत नाही.

पैसे अडकणं हा कधीमधीवाल्याचा खरा प्रश्न, सूट मिळण्यापेक्षाही मोठा. बँकेचं किंवा कंपनीचं साधं प्रीपेड कार्ड असेल अन् त्यात वर्षभर एकही व्यवहार झाला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते नोटीस देऊन निष्क्रिय करतात, मग परत चालू करायला कागदपत्रांची पडताळणी आली. नोटीस येते मेसेजवर, अन् मेसेज येतो त्या नंबरवर जो आपण दोन वर्षांपूर्वी स्वस्त प्लॅनसाठी बदलला. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं फक्त प्रवासासाठी म्हणून एक वेगळा प्रकार मंजूर केला, त्याला केवायसी लागत नाही, ३००० पर्यंत पैसे ठेवता येतात, मुदत कायमची असते. ऐकायला एकदम आपल्यासाठीच बनवल्यासारखं वाटतं, फक्त त्यातले पैसे परत नगदी मिळत नाहीत अन् दुसरीकडे वळवताही येत नाहीत, गेले ते प्रवासातच गेले. म्हणून कोणतंही कार्ड घेतलं तरी शंभर-दीडशेच्या वर भरू नका, पाचशेची नोट पुढं करून "पूर्ण टाक" म्हणायची सवय आपल्याला पेट्रोल पंपावरून लागलेली असते, ती इथं नको. अन् चिपमधला बटवा म्हणजे खिशातली नोटच, कार्ड हरवलं तर डेबिट कार्ड ब्लॉक होईल पण त्या बटव्यातले पैसे गेले समजा.

मोबाईलचं क्यूआर तिकीट कोणासाठी? ज्याला फोनवर पैसे देता येतात अन् जो एकटा जातो त्याच्यासाठी, बस. त्याला कार्डाची काहीच गरज नाही, पैसे कुठं अडकत नाहीत, जेवढं तिकीट तेवढेच कटतात. नागपूरच्या दोन्ही लाईन पुलावरून नाहीतर जमिनीवरून जातात, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक अन् लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, भुयार नाही, म्हणून रेंजचा फारसा त्रास नाही. त्रास आहे तो बॅटरीचा. सकाळी सहाला गावातून निघालो, एसटीत व्हिडिओ पाहिले, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अजून पाहिले, अन् चार वाजता परत निघताना फोन ३ टक्क्यावर, गेटमधून आत गेल्यावर फोन बंद पडला तर बाहेर काय दाखवणार? अशा वेळी संध्याकाळचं तिकीट कागदी काढा, सरळ.

कुटुंब घेऊन जात असाल तर कार्डाचा विषयच सोडा. एका कार्डावर एका वेळी एकच माणूस आत जातो, कार्ड टेकवून आपण आत जायचं अन् मग मागं देऊन बायकोनं यायचं हे होत नाही, मशीनला वाटतं हा माणूस आधीच आत आहे. लग्नाच्या खरेदीला पाच जणं सीताबर्डीला निघाले तर एकानं खिडकीवर उभं राहायचं, पाच तिकिटं घ्यायची, बाकीच्यांनी पिशव्या सांभाळायच्या. पाच कार्डं कोण काढत बसते?

आता तो फायदा, ज्याच्यासाठी मी एवढं सगळं लिहूनही शेवटी त्या पोट्ट्याला कार्ड काढ असंच सांगितलं. त्याचे बाबा साठीच्या पुढचे, साधा बटणाचा फोन, फोनवर पैसे देणं येत नाही, सुट्ट्या पैशांवरून खिडकीवर कोणी खेकसलं तर दिवसभर मनाला लावून घेणारे. पोरगं बरोबर नसलं तर ते मेट्रोत चढतच नाहीत, ऑटोवाला म्हणेल तेवढे देतात. अशा माणसाच्या हातात शंभर रुपये भरलेलं कार्ड दिलं अन् "टेकवा, दार उघडते, उतरल्यावर परत टेकवा" एवढं एकदा बरोबर जाऊन दाखवलं की झालं. स्टेशनचं नाव इंग्रजी-हिंदीत सांगायचं नाही, रांग नाही, सुट्टे नाहीत, तिकिटाच्या घड्या नाहीत. एका वेळच्या ऑटोत जेवढे जास्तीचे गेले असते तेवढ्यात कार्डाचे पैसे निघतात. त्यांचा बटवा आधी पोरानंच खिडकीवर नगदी भरावा, मोबाईलवरून नाही, म्हणजे वरचा अपडेटचा लफडा नको.

अन् कार्ड एका माणसाचं न समजता घराचं समजा. पोरांचं सवलतीचं विद्यार्थी कार्ड सोडून, साध्या कार्डाला मशीन चेहरा बघत नाही. आमच्याकडे ते दाराजवळच्या खिळ्याला मोटरसायकलच्या चावीसोबत लटकवलेलं असतं, जो नागपूरला जाईल तो घेऊन जातो, आल्यावर परत लटकवतो अन् किती उरले ते सांगतो. घरातले चार जण आळीपाळीनं जातात तेव्हा महिन्याला तीन-चार फेऱ्या होतात, मग ते निष्क्रिय पण होत नाही अन् सूट मिळून वाचलेले पण काही पैसे दिसायला लागतात. एकट्याचा हिशेब तोट्यात होता, घराचा जमला. मोठं डेबिट कार्डच एनसीएमसी असेल तर मात्र हे करू नका, खात्याचं कार्ड खिळ्याला लटकवायची वस्तू नाही.

एसटीशी गल्लत करू नका हे पण सांगून ठेवतो. एसटीत ७५ च्या वरच्यांना फुकट आहे ऑगस्ट २०२२ पासून, बायांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून. मेट्रोत ते चालत नाही. आमची आजी हिंगणघाट ते गणेशपेठ फुकट आली अन् मग कॉटन मार्केट स्टेशनवर तिला पूर्ण तिकीट लागलं तर ती खिडकीवाल्यालाच म्हणे, "काहून रे बाप्पा, एवढ्या दूरून आली तं पैसे नाही घेतले, अन् दोन कोसाचे घेतं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

आणि एम्सला जाणाऱ्यांनी तर यातलं काहीच करायची गरज नाही. ते मिहानमध्ये आहे, वर्धा रोडच्या बाजूलाच, जामकडून येणारी एसटी शहरात शिरायच्या आधीच. कंडक्टरला आधी सांगून खापरीच्या आसपास उतरायचं अन् तिथून ऑटो. बरेच लोक उगीच बर्डीपर्यंत जातात अन् तिथून मेट्रोनं परत खापरीला येतात, कारण मेट्रोत बसायचं असते. तेवढ्यासाठी जात असाल तर जा, पण कागदी तिकिटानं जा.