आमदार कार्यालयाचं तिमाही माहितीपत्रक: जमिनीची पानं जपून ठेवा, कायद्यांचं पान पडताळून वाचा

आमच्या मतदारसंघात आमदार कार्यालय दर तिमाहीला चार पानांचं माहितीपत्रक काढतं. छापील प्रत ग्रामपंचायतीत, रास्तभाव दुकानात आणि सेवा केंद्रात मिळते, पीडीएफ गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरते. पैसे लागत नाहीत. हे परीक्षण हिवाळी अधिवेशनानंतरच्या अंकाचं आहे. सत्कार आणि उद्घाटनांच्या फोटोंनी पहिलं पान भरलं आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्या पानावर नवे कायदे आणि निर्णय, तिसऱ्यावर जमीन व दाखले, चौथ्यावर वन्यप्राणी नुकसान आणि विकासकामांची यादी. कास्तकाराच्या कामाचं जे आहे ते दुसऱ्या पानापासून पुढे.

सगळ्यात चांगलं तिसरं पान. त्यातला वारस नोंदीचा मजकूर कापून सातबाऱ्याच्या फाइलला लावून ठेवावा इतका नेमका आहे. जिवंत सातबारा मोहीम 2025 मध्ये आपल्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि 1 एप्रिलपासून राज्यभर गेली. मयत खातेदारांची नावं उताऱ्यावर तशीच राहतात आणि मग कर्ज, विमा, अनुदान, विक्री सगळं अडतं, म्हणून ही मोहीम. पत्रकाने कागद नीट सांगितले आहेत: मृत्यू दाखला, वारसांबाबतचं शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र, सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते, मोबाइल क्रमांक आणि पोलिस पाटील किंवा सरपंचाचा दाखला. अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीतून. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी 15 दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात.

वारसांत विवाहित बहिणींची नावं घालावीच लागतात, हे पत्रकाने ठळक अक्षरात छापलं याबद्दल मनापासून आभार. नोंदी अडतात त्या बहुतेक इथेच. भाऊ आपसांत ठरवून तीनच नावं देतात, एखादी बहीण हरकत घेते आणि फेरफार वादग्रस्त नोंदीत जाऊन पडतो. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर आधी तिचं नाव लागू द्यायचं आणि नंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं. साध्या कागदावरची संमती चालत नाही. एक गोष्ट मात्र राहून गेली. मृत्यू दाखल्यावर ‘पांडुरंग’ आणि सातबाऱ्यावर ‘पांडू’ असं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र अर्जासोबतच जोडावं. नाहीतर त्रुटी निघते आणि अर्ज परत येतो.

त्याच पानावर शपथपत्राच्या मुद्रांकाची चौकट आहे. एवढ्या एका चौकटीसाठीही हा अंक घरात असावा. ऑक्टोबर 2024 पासून 100 रुपयांच्या मुद्रांकाची जागा 500 रुपयांच्या मुद्रांकाने घेतली आणि तहसीलच्या आवारात जात, उत्पन्न, रहिवासी दाखल्यांसाठीही 500 चा कागद मागण्याची चाल पडली. शासकीय कार्यालयात सादर करायच्या अशा शपथपत्रांवरचं मुद्रांक शुल्क 2004 च्या अधिसूचनेनेच माफ आहे. साध्या कागदावर शपथपत्र करून द्या, तेवढं पुरतं. पत्रकाने हे चार ओळींत सांगितलं आणि अधिसूचनेचं वर्षही दिलं. खिडकीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात ही चौकट असली की मागणारा दोनदा विचार करतो.

शेतरस्त्याचा मजकूर अर्धा चांगला आहे आणि अर्धा नुकसान करणारा. 22 मे 2025 च्या शासन निर्णयाचं सार बरोबर दिलं आहे: रस्ता किमान 3 मीटर रुंद, त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आणि प्रकरणाचा निकाल 90 दिवसांत. पुढे मात्र ‘रस्त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करा’ एवढंच लिहून विषय संपवला. घोळ इथेच होतो, कारण अर्जाच्या वाटा दोन आहेत. पूर्वीपासून वहिवाटीत असलेली पांदण कुणी नांगरून टाकली, काटे लावले, चर खोदला, तर अर्ज मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली करायचा आणि तोही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. जायला रस्ताच नाही आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नवा हवा, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143. नवा रस्ता मागण्याच्या अर्जात ‘आमची जुनी वहिवाट अडवली’ असं लिहिलं की समोरचा वकील पहिल्याच तारखेला कलमावर बोट ठेवतो. तेवढ्यात सहा महिने निघून गेले तर कलम 5 ची वाटही बंद होते. कलम 143 च्या निकालावर एका वर्षात दिवाणी दावा करता येतो, कलम 5 च्या निकालावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण आहे. हा फरक पाच ओळींत मावला असता.

अर्जासोबत काय जोडायचं तेही पत्रकात हवं होतं. आपला आणि ज्यांच्या धुऱ्यावरून रस्ता हवा त्या सगळ्यांचा ताजा सातबारा, गट नकाशा आणि त्यावर मागितलेल्या रस्त्याची रेघ. प्रतिवादींत एकही खातेदार सुटता कामा नये. शेजारच्या उताऱ्यावर मयत माणसाचंच नाव असेल तर नोटीस बजावली जात नाही आणि 90 दिवस कागदावरच राहतात. म्हणून शेजाऱ्याची वारस नोंद झाली आहे का, हे अर्ज देण्याआधी पाहून घ्यावं. पेरणीच्या तोंडावर मोका पाहणी मागण्यापेक्षा कापूस, तूर निघाल्यावर, शेत मोकळं असताना मागितली तर पंचनामा स्वच्छ होतो.

दुसरं पान या अंकाची मोठी कमजोरी. विधेयक, अध्यादेश, अधिनियम, शासन निर्णय आणि सभागृहातली घोषणा ही सगळी ‘नवे कायदे’ या एकाच मथळ्याखाली कोंबली आहेत. मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी तहसीलमध्ये काही बदलत नाही. विधेयक विधानसभा आणि विधान परिषद दोन्हीकडे मंजूर व्हावं लागतं, राज्यपालांची संमती मिळावी लागते, मग ते अधिनियम म्हणून राजपत्रात येतं. त्यानंतरही पहिल्या कलमात ‘शासन अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास अंमलात येईल’ असं असेल तर त्या अधिसूचनेची वाट पाहावी लागते. अध्यादेश निघाल्या दिवसापासून लागू होतो, पण अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. प्रत्येक बातमीसमोर ती कोणत्या टप्प्यावर आहे आणि अधिनियम किंवा शासन निर्णयाचा क्रमांक, दिनांक काय, एवढं छापलं असतं तर अर्धा गोंधळ मिटला असता.

याचं वाईट उदाहरण म्हणजे तुकडेबंदीची, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे करून विकण्यावरच्या मनाईची, बातमी. मथळा आहे, ‘तुकडेबंदी रद्द, गुंठेवारी मोफत नियमित’. तुकडेबंदीचा 1947 चा कायदा रद्द झालेला नाही. नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशाने सवलत दिली ती 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात झालेल्या तुकड्यांच्या व्यवहारांना, आणि तीही नागरी हद्द किंवा नियोजनात निवासी, वाणिज्यिक यांसारख्या अकृषिक वापरासाठी दाखवलेल्या क्षेत्रात. शुद्ध शेतीच्या पट्ट्यात कुणी आज पाच गुंठे कापून विकत असेल तर त्याला ही सवलत लागू नाही. शेतजमिनीसाठी 2023 च्या अधिसूचनेतलं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे व्यवहारासाठी लागणारं किमान क्षेत्र, आहे, बहुतेक जिल्ह्यांत जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे. विहीर, शेतरस्ता किंवा घरकुलासाठी त्याहून कमी जागा घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. असा मथळा वाचून कुणी इसार देऊन बसला तर ते पैसे सुटायला वर्षं जातात. पुढच्या अंकात याची दुरुस्ती पहिल्या पानावर छापावी.

वाटणीपत्राची ओळही अशीच अर्धवट. ‘शेतीचं वाटणीपत्र मोफत’ असं छापलं आहे. मे 2025 च्या मंत्रिमंडळ निर्णयाने माफ झाली ती नोंदणी फी, जी एक टक्का आणि कमाल 30,000 रुपयांपर्यंत जायची. सवलत मोठी आहे, पण मुद्रांक आणि लिहिणावळीचा खर्च राहतोच.

पीक विम्याबद्दल पत्रक खरं सांगतं आणि कडू तेही लपवत नाही. एक रुपयात विमा खरीप 2025 पासून बंद आहे. शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या खरिपाला 2 टक्के, रब्बीला 1.5 टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला 5 टक्के. खरीप 2025 च्या नियमांनुसार भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या महसूल मंडळाच्या उत्पन्नावर ठरते, एकट्याच्या बांधावर पाणी साचलं म्हणून मिळत नाही. हे आमदारांच्या पत्रकातच छापून आलं, हे बरं झालं.

चौथ्या पानावरचा वन्यप्राण्यांचा तक्ता जंगलालगतच्या गावांनी चावडीवर चिकटवावा. वाघ-बिबट्याने गाय, बैल किंवा म्हैस मारली तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये, यांत जे कमी असेल ते मिळतं. खबर वनरक्षकाला 48 तासांत द्यायची आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. ओढून नेलं की दावा गेला. रोही (नीलगाय) किंवा रानडुकराने पीक खाल्लं तर तीन दिवसांत तक्रार करावी. तक्त्यात वनपरिक्षेत्र कार्यालयांचे दूरध्वनी आहेत. अर्जाची पोच घ्या एवढंही लिहायला हवं होतं, कारण नंतर 48 तासांवरूनच वाद होतो.

विकासकामांच्या यादीत प्रत्येक कामापुढे ‘मंजूर’ लिहिलं आहे. आमदार निधी वर्षाला 5 कोटींचा, गावं कितीतरी, त्यामुळे लोक ही यादी बारकाईने वाचतात. आमदारांनी शिफारसपत्र दिलं, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता मिळाली, तांत्रिक मान्यता झाली, निविदा निघाली, की कार्यारंभ आदेश हाती आला? निधी कोणत्या शीर्षाखालचा, यंत्रणा जिल्हा परिषद की सार्वजनिक बांधकाम? एवढे रकाने वाढवले तर ग्रामसभेत तीच यादी पुढे ठेवून विचारता येईल.

छपाईबद्दल. छापील प्रतीतली अक्षरं म्हाताऱ्या माणसालाही वाचता येतील अशी आहेत. मोबाइलवर मात्र पानं फोटोच्या स्वरूपात टाकली आहेत. दोन गटांतून पुढे गेली की तक्त्यातले आकडे फुटतात आणि शासन निर्णयाचा संकेतांक कॉपी करून शासनाच्या संकेतस्थळावर शोधता येत नाही. मजकूर निवडता येईल अशी पीडीएफ द्यावी.

लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 बद्दल या अंकात शब्दही नाही. दाखल्यांचं पान काढून हा कायदा गाळणं बरोबर नाही. अर्जाची पोच आणि क्रमांक घ्यायचा, उत्पन्न दाखल्यासारख्या सेवेची 15 दिवसांची मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत प्रथम अपील करायचं, विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती होऊ शकते. तिसऱ्या पानाच्या तळाला यासाठी जागा आहे, सध्या तिथे शुभेच्छांची पट्टी छापलेली आहे.

खरीप विम्याची मुदत साधारण 31 जुलैला संपते आणि पावसाळी अधिवेशनही त्याच सुमारास असतं. अधिवेशन संपण्याची वाट पाहून अंक काढला तर विम्याचं पान मुदत गेल्यावर गावात पोचेल. पावसाळ्याचा अंक जूनच्या मध्यालाच काढावा आणि अधिवेशनातलं जे काही असेल ते नंतर एका पानाच्या पुरवणीत द्यावं.